कायद्याच्या चार गोष्टी : कोर्टाचें बोलावणें आल्यावर

'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' ही म्हण आपल्या घराघरांतून इतकी रुजली आहे कीं, तिची मर्यादा कोणती याचा विचार करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. आपण होऊन भांडण उकरून काढूं नये, चार शब्दांनीं मिटणारा तंटा वीस वर्षें लांबवूं नये, हा त्या म्हणींतील उपदेश सोन्यासारखा आहे. परंतु दुसऱ्यानें आपल्यावर दावा लावला, त्याचें समन्स आपल्या उंबऱ्याशीं येऊन पोहोंचलें, आणि तरीही 'आम्ही अब्रूदार माणसें, आम्ही कोर्टांत जाणार नाहीं' असें म्हणून घरांत बसून राहिलें, तर तें शहाणपण नव्हे. न्यायालयाचें बोलावणें हें लग्नाच्या आमंत्रणासारखें नसतें. आमंत्रणास न गेल्यास यजमान फार तर रुसतो. येथें मात्र न जाणाराच्या पाठीमागें निकाल होतो, आणि तो त्याच्या घरादारावर बजावला जातो. म्हणून वादी व प्रतिवादी यांनीं न्यायालयापुढें हजर राहण्याविषयीं कायदा काय सांगतो, हें या खेपेस थोडें विस्तारानें पाहूं.

हजर राहण्याचें हें बंधन इंग्रजी अमदानीबरोबर आलें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. मराठेशाहींतील निवाड्यांच्या कागदांत वादीला अग्रवादी व प्रतिवादीला पश्चिमवादी म्हटलेलें आढळतें. गोतसभेपुढें तंटा चालावयाचा तर प्रथम दोघांकडूनही राजीनामा लिहून घेत. हा राजीनामा म्हणजे आजच्यासारखा नोकरी सोडण्याचा कागद नव्हे, तर सभा जो निर्णय देईल तो मान्य करण्यास आपण राजी आहों, असें लेखी वचन. त्यावर जामीन घेतला जाई, दोघांच्या तकरिरी होत, आणि शेवटीं महजर होई. बोलावणें घेऊन जाणाऱ्या प्याद्याच्या खर्चालाही 'मसाला' असें नांव होतें. असल्या कागदांच्या अभ्यासास ज्यांनीं आपलें आयुष्य वाहिलें, ते इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच वारले व १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें निघालें, हें खानदेशच्या वाचकांस ठाऊक आहेच. तात्पर्य, दोन्ही बाजू समोर आल्यावांचून निवाडा नाहीं, आणि बोलावूनही जो येत नाहीं त्याच्यासाठीं न्याय थांबून राहत नाहीं, हीं दोन्ही तत्त्वें आपल्याला परकीं नाहींत.

आज हा विषय १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत आला आहे. हा कायदा १ जानेवारी १९०९ पासून अमलांत आहे. त्यांत १९७६, १९९९ व २००२ सालीं मोठे फेरबदल झाले, परंतु मूळ चौकट तीच राहिली. हजेरीसंबंधींचे बहुतेक नियम तिच्या पांचव्या व नवव्या आदेशांत आहेत.

प्रथम समन्स. दावा दाखल झाला म्हणजे प्रतिवादीस न्यायालय समन्स काढतें व त्याबरोबर दाव्याची नक्कल पाठवितें. तें बेलिफाच्या हातून येतें, तसेंच पोहोंचपावतीच्या टपालानें किंवा न्यायालयानें मान्य केलेल्या कुरियरनेंही येऊं शकतें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपल्या वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. प्रतिवादी घरीं नसेल, लवकर परत येण्याचा संभव नसेल, आणि त्याच्या वतीनें समन्स घेण्याचा अधिकार दिलेला कोणी मुखत्यार नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबांतील कोणाही प्रौढ व्यक्तीच्या हातीं समन्स दिलें तरी तें बजावलें असें धरतात. पूर्वी ही व्यक्ति पुरुषच असावी लागे. १९७६ च्या सुधारणेनें 'पुरुष असो वा स्त्री' असा पालट झाला. नोकर मात्र कुटुंबांत धरला जात नाहीं. म्हणजे भाऊजी फिरतीवर असतां त्यांचें समन्स वहिनींनीं सही करून घेतलें, तर तें भाऊजींनींच घेतल्यासारखें आहे. मग तो कागद देवघराच्या फळीवर पोथ्यांखालीं राहिला, किंवा 'उगीच काळजी नको' म्हणून वडीलधाऱ्यांपासून लपविला गेला, तरी मुदत धांवूं लागलेली असते.

समन्स नाकारणें हा तर त्याहून वाईट उपाय. दारांतून बेलिफास परत लावलें म्हणजे दावा परत गेला, असें कित्येकांस वाटतें. परंतु घेणारा घेत नसेल तर दाराच्या बाहेरच्या बाजूस नक्कल डकवून बेलिफानें तसा अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. टपाल नाकारल्याचा शेरा आला तर न्यायालय समन्स बजावलें असें जाहीर करतें. प्रतिवादी मुद्दाम चुकवीत आहे अशी खात्री झाली, तर त्या भागांत खपणाऱ्या दैनिकांत नोटीस छापूनही बजावणी होते. म्हणजे अब्रूच्या भयानें जो कागद दारांत नाकारला, तोच पुढें साऱ्या गांवासमोर वर्तमानपत्रांत वाचला जाण्याची पाळी येते.

आतां 'हजर राहणें' म्हणजे काय? पुष्कळांच्या डोळ्यांपुढें लगेच पिंजरा, शिपायाचा पुकारा आणि उलटतपासणी उभी राहते. वास्तविक दिवाणी दाव्यांत पक्षकारानें प्रत्येक तारखेस स्वतःच गेलें पाहिजे असें नाहीं. तो स्वतः जाऊं शकतो, वकीलपत्र देऊन वकिलामार्फत हजर होऊं शकतो, किंवा रीतसर मुखत्यारपत्र दिलेल्या माणसामार्फत हजर होऊं शकतो. ३१ जुलै १९३७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयाच्या कामासाठीं धुळ्यास आले होते, ही गोष्ट तेथें अजून आठवणीनें सांगितली जाते. थोर असो वा साधा, वकील न्यायालयांत उभा राहतो तो आपल्या पक्षकाराच्या ठिकाणीं. मात्र त्यास प्रकरणाची पुरी माहिती दिलेली असली पाहिजे. नुसती वकीलपत्रावर सही करून पुढें सहा महिने वकिलाकडे फिरकलेंच नाहीं, तर हजेरी कागदावर लागते, पण बाजू मांडली जात नाहीं. हजेरीबरोबर कैफियतही यावयास हवी. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी, आणि कारण नोंदवून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवूं शकतें, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं असें सांगितलें कीं, साध्या दाव्यांत फारच अपवादाच्या प्रसंगीं याहून पुढेंही सवलत देतां येईल. पण अपवादावर भिस्त ठेवून कोणी स्वस्थ बसूं नये.

नेमलेल्या दिवशीं पुकारा झाला आणि कोणी आलें नाहीं, तर काय होतें? याचे तीन प्रकार आहेत, आणि ते प्रत्येक घरांत ठाऊक असावे.

दोन्ही पक्ष गैरहजर असले, तर न्यायालय दावा काढून टाकूं शकतें. अशा वेळीं मुदत शिल्लक असेल तर वादीस नवा दावा आणतां येतो, किंवा तोच दावा पुन्हां नोंदवून घेण्याचा अर्ज करतां येतो.

प्रतिवादी आला व वादी आला नाहीं, तर प्रतिवादी जेवढें कबूल करील तेवढ्यापुरता हुकूमनामा होतो आणि बाकीचा दावा निघून जातो. येथें वादीचें नुकसान मोठें आहे. कारण त्याच कारणावर त्याला नवा दावा आणतां येत नाहीं. तो जुनाच दावा पुन्हां चालू करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं ३० दिवसांत अर्ज करून गैरहजेरीचें सबळ कारण दाखवावें लागतें. दावा आपण लावला म्हणजे आतां सारी काळजी कोर्टाला, असें मानणाऱ्यांनीं हा नियम विशेष लक्षांत ठेवावा. वादीनें समन्साचा खर्च भरला नाहीं व त्यामुळें तें बजावलें गेलें नाहीं, तरीही दावा निघूं शकतो.

तिसरा प्रकार सर्वांत अधिक घडणारा. वादी आला, समन्स नीट बजावलेलें आहे, आणि प्रतिवादी आला नाहीं. मग न्यायालय एकतर्फी सुनावणीचा हुकूम करतें. याचा अर्थ वादीनें मागितलें तें सर्व आपोआप मिळतें, असा मात्र नाहीं. वादीला आपला पुरावा द्यावाच लागतो व न्यायाधीशास तो तपासावा लागतो. पण त्या पुराव्यास उत्तर देणारें, त्यांतील पोकळपणा उघडा करणारें, समोर कोणीही नसतें. पुढच्या तारखेस प्रतिवादी आला आणि आधीं न येण्याचें योग्य कारण त्यानें दाखविलें, तर न्यायालय त्याला पूर्वीच्या जागीं उभें करूं शकतें. तेव्हां एक तारीख चुकली म्हणून हातपाय गाळूं नयेत. संग्रामसिंग यांच्या प्रकरणांत १९५५ सालीं न्यायमूर्ति विवियन बोस यांनीं हाच विचार मांडला कीं, कार्यपद्धतीचे नियम न्याय सुलभ व्हावा म्हणून आहेत, माणसाला अडकवून शिक्षा करण्यासाठीं नाहींत. आणि कोणाचेंही म्हणणें ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल होऊं नये, हें त्या नियमांच्या मुळाशीं आहे.

एक उदाहरण घेऊं. समजा, धुळ्यास एका कुटुंबाचा वाडा आहे. थोरला मुलगा वाड्यांत राहतो, धाकटा पुण्यास नोकरीवर आहे, मुलगी जळगांवास सासरीं आहे, आणि वृद्ध आई वाड्यांतच आहे. वडील वारले. कांहीं वर्षांनीं थोरल्यानें दावा लावला कीं, वडिलांनीं मृत्युपत्रानें वाडा मला एकट्याला दिला, तसें ठरवून मिळावें. दावा स्थावर मिळकतीचा असल्यामुळें तो जेथें वाडा आहे तेथेंच, म्हणजे धुळ्यास, चालणार. समन्स तिघांनाही गेलीं. धाकट्यास रजा मिळाली नाहीं. बहिणीला वाटलें, दादाच्या विरुद्ध कोर्टांत उभें राहिलें तर लोक काय म्हणतील. आणि आपल्याला माहेरचें कोठें कांहीं हवें आहे? आईला तर कोणीं विचारलेंच नाहीं.

बहिणीचें हें मन चांगलें आहे, यांत शंका नाहीं. पण तिनें दोन गोष्टींची गल्लत केली. आपला हक्क भावास प्रेमानें सोडणें निराळें, आणि न्यायालयांत गैरहजर म्हणून आपलें नांव लागणें निराळें. सोडावयाचा असेल तर तिनें तसें स्वतःच्या मुखानें किंवा वकिलामार्फत सांगावें; हक्कसोडपत्र नोंदवून द्यावें; तडजोड करून आईच्या राहण्याची सोय त्यांत लिहून घ्यावी. असें दिलेलें दान हें दान असतें. न येण्यानें जें जातें तें दान नव्हे, तें हरवणें होय. शिवाय त्या दाव्यांत तिचा एकटीचाच प्रश्न नव्हता. मृत्युपत्र नसतें तर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें वडिलांच्या मिळकतींत आई, दोन्ही मुलगे व मुलगी यांना सारखाच वांटा होता. मृत्युपत्र खरें आहे का, वडिलांची प्रकृति तेव्हां ठीक होती का, साक्षीदार कोण होते, हे प्रश्न विचारणारें न्यायालयांत कोणीच राहिलें नाहीं. उद्यां थोरल्याच्या मनांत वाडा विकण्याचें आलें, तर आईनें कोणत्या कागदाच्या आधारें त्या घरांत राहावें? लेकीचा संकोच आईच्या डोक्यावरचें छप्पर घेऊन जातो, तो असा.

आतां कोणी म्हणेल, जळगांवच्या बाईनें दर तारखेस धुळ्यास जावें तरी कसें? १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होईपर्यंत जिल्ह्याचें मुख्य ठाणें धुळेंच होतें. त्या काळच्या बैलगाडीच्या प्रवासापुढें एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी आजची बस कांहींच नव्हे. तथापि अडचण खरी आहे, आणि कायद्यानें तिचा विचार केला आहे. वर सांगितल्याप्रमाणें वकिलामार्फत हजर राहणें पुरतें. पक्षकारानें जातीनें यावें, असा हुकूम न्यायालय कारण असेल तर करूं शकतें. परंतु तो न्यायालयाच्या हद्दींत राहत असला पाहिजे, किंवा हद्दीबाहेर पण ५० मैलांच्या आंत. आणि वाटेच्या सहा भागांपैकीं पांच भाग आगगाडी किंवा अन्य सार्वजनिक वाहन असेल तर २०० मैलांच्या आंत. जळगांव-धुळें हें अंतर सुमारें ९० किलोमीटर, म्हणजे ५० मैलांहून थोडें अधिक आहे. पण वाटभर बस असल्यामुळें दुसरी मर्यादा लागू पडते. सारांश, असा हुकूम झाल्यास जळगांवकरांस धुळ्यास जावेंच लागेल. हुकूम होऊनही सबळ कारणावांचून जो जात नाहीं, तो वकील हजर असला तरी गैरहजर धरला जाऊं शकतो.

आजारी व अपंग माणसांसाठीं कोर्ट कमिशनर घरीं येऊन जबानी घेऊं शकतो. ज्या स्त्रिया रूढीप्रमाणें लोकांसमोर येत नाहींत त्यांना जातीनें हजर राहण्याची माफी संहितेच्या कलम १३२ मध्यें आहे. परंतु आपल्या घरांतील शिकलेल्या, नोकरीधंदा करणाऱ्या लेकीसुनांनीं तिचा आधार शोधूं नये, हेंच बरें. अज्ञान मुलावर दावा असेल तर त्याच्यातर्फे न्यायालय पालक नेमतें. दावा दुसऱ्या जिल्ह्यांत हलवावा असें वाटत असेल तर अर्ज उच्च न्यायालयाकडे, म्हणजे जळगांव-धुळ्याच्या बाबतींत छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे, करावा लागतो. वकिलाची फी परवडत नाहीं, हें कारणही स्त्रियांच्या बाबतींत उरलेलें नाहीं. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें कोणत्याही स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मागण्याचा हक्क दिला आहे, आणि जिल्हा न्यायालयांतच त्याचें कार्यालय असतें.

हजेरीचा आणखी एक अर्थ आहे, तो साक्षीच्या वेळचा. वकील आपल्या वतीनें बोलतो, पण आपल्या वतीनें शपथ घेत नाहीं. जें आपल्या डोळ्यांसमोर घडलें तें आपणच सांगितलें पाहिजे. पक्षकार साक्षीच्या पिंजऱ्यांत येण्याचें टाळतो, तर त्याचें म्हणणें खरें नसावें, असा तर्क न्यायालय करूं शकतें, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं विद्याधर विरुद्ध माणिकराव या प्रकरणांत स्पष्ट केलें. पुढें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या भोजवानी प्रकरणाच्या निकालांत असें ठरलें कीं, ज्या गोष्टी केवळ मालकालाच ठाऊक आहेत त्यांबद्दल मुखत्यार त्याच्याऐवजीं साक्ष देऊं शकत नाहीं. तेव्हां 'मुखत्यारपत्र दिलें, आतां मी मोकळा' हा समज धोक्याचा आहे. हल्लीं सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, त्यामुळें पूर्वीपेक्षां खेपा कमी पडतात. उलटतपासणीस मात्र उभें राहावें लागतें.

समजा, एवढें करूनही एकतर्फी हुकूमनामा झालाच. तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज त्याच न्यायालयाकडे करतां येतो. कारणें दोन: समन्स नीट बजावलेंच नाहीं, किंवा सबळ कारणामुळें हजर राहतां आलें नाहीं. मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवस. समन्सच बजावलें नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस. बजावणींत थोडी तांत्रिक उणीव आहे, पण तारीख माहीत होती आणि जाण्यास वेळही होता, असें दिसलें तर तेवढ्या उणिवेवर हुकूमनामा रद्द होत नाहीं. आजारपण, घरांतील मृत्यु, अपघात हीं कारणें कागदानिशीं दाखविलीं तर न्यायालय बहुधा सहानुभूति ठेवतें. वकीलच गैरहजर राहिला तर? रफीक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या निकालांत, ज्यानें आपल्याकडून सर्व कांहीं केलें त्या निरपराध पक्षकारास वकिलाच्या चुकीचा भुर्दंड बसूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. पण यांतील 'आपल्याकडून सर्व कांहीं केलें' हे शब्द विसरूं नयेत.

येथवर दिवाणी दाव्यांचा विचार झाला. फौजदारी खटल्यांत आरोपीची स्थिति निराळी असते. तेथें न्यायालयानें सूट दिल्यावांचून जातीनें हजर राहावें लागतें, आणि न राहिल्यास वॉरंट निघतें. जळगांवच्या घरकुल योजनेंतील गैरव्यवहाराचा खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयांत चालला व ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं ४८ आरोपींना दोषी ठरवून शिक्षा सुनावण्यांत आल्या. एका जिल्ह्याची नामांकित मंडळी दुसऱ्या जिल्ह्याच्या न्यायालयांत आरोपी म्हणून उभीं राहिलेलीं खानदेशानें त्या वेळीं पाहिलीं. पुकारा झाला म्हणजे हुद्दा विचारला जात नाहीं. कुटुंब न्यायालयांतही एक विशेष आहे: तेथें वकील देणें हा पक्षकाराचा हक्क नाहीं, न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून नवराबायकोच्या तंट्यांत जातीनें जाण्याची तयारी ठेवावी.

शेवटीं घरांतील व्यवस्थेविषयीं दोन शब्द. न्यायालयाचा कोणताही कागद आला कीं, घेणाराच्या सहीवर विसंबून न राहतां तो कोणत्या दिवशीं आला, कोणीं घेतला व कोणाच्या नांवाचा आहे, हें एका वहींत लिहून ठेवावें. ज्याच्या नांवाचा कागद असेल त्याला त्याच दिवशीं कळवावें. तो परगांवीं असेल तर फोनवर नुसतें 'कोर्टाचें कांहीं तरी आलें आहे' असें न सांगतां कागदाचें छायाचित्र पाठवावें. मुकदम्याचा क्रमांक जवळ असला कीं पुढची तारीख आतां घरबसल्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहतां येते; ती वकिलाच्या कारकुनाच्या आठवणीवर सोडूं नये. तारखेस जातां येत नसेल तर आधीं वकिलास सांगून अर्ज द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आई, काकू, आत्या, विधवा वहिनी यांच्या नांवानें कागद आला तर 'तुम्हांला काय कळतें त्यांतलें' असें म्हणून तो त्यांच्या हातून काढून घेऊं नये. त्यांना तो वाचून दाखवावा, समजावून द्यावा, आणि त्यांचें म्हणणें काय तें विचारावें. न्यायालयानें त्यांना बोलावलें आहे तें त्यांचें ऐकण्यासाठीं. घरानें तरी त्याआधीं त्यांचें ऐकावें.

कोर्टाची पायरी हौसेनें चढूं नये, हें खरेंच. पण बोलावणें आल्यावर ती पायरी टाळणारा भांडणापासून दूर राहत नाहीं. तो फक्त आपली जागा रिकामी ठेवतो, आणि रिकाम्या जागेविरुद्ध निकाल देणें फारसें अवघड नसतें.